प्रार्थनेचा विषय

आत्याच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, भिंतीत बसवलेलं कपाट आणि एक खिडकी होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसायची. इमारतीलाही पाठ असते हे तिला इथे येऊन कळलं: पाण्याचे पाइप, वाळत घातलेली फडकी, कुणाचं तरी सायकलचं गंजलेलं चाक. पहिल्या दिवशी तिने बॅग उघडली, कपडे कपाटात रचले, बायबल उशाशी ठेवलं आणि मग पलंगाच्या कडेला बसून ती वाट पाहत राहिली. कशाची, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. बऱ्याच वेळाने ध्यानात आलं, की कुणीतरी हाक मारेल म्हणून आपण थांबलोय.

हाक मारणारं इथे कुणी नव्हतं. घरी तिला भावाची मुलं आत्या म्हणायची, म्हणून वहिनीच्या माहेरचे आत्या म्हणू लागले, मग गल्ली, मग अख्खं चर्च, आणि शेवटी पाळकसाहेबसुद्धा. तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही तिला आत्याच म्हणत. वय एकोणपन्नास, लग्न केलेलं नाही, आणि बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसलेली. त्या खिडकीने तिचा आवाज असा काही तयार केला होता, की रांगेतल्या शेवटच्या माणसाला पहिल्याचा आजार कळे. ‘‘काय होतंय? मोठ्याने बोला की. लाजायचं तर दवाखान्यात कशाला आलात?’’ यात तिला काही वावगं वाटत नसे. उलट रांगेतलंच कुणी म्हणे, माझ्या सासूला असंच झालं होतं, आणि पहिल्याला चार शब्दांचा धीर मिळे.

चर्चमधल्या बायकांची मंगळवारची सभा म्हणजे तिच्या दृष्टीने तीच खिडकी, फक्त डॉक्टर मोठा. तिथे एकेक बाई आपापला प्रार्थनेचा विषय सांगे. सांगायला संकोचली तर शेजारीण तिच्या वतीने सांगे. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाचं न जमणारं लग्न. सगळ्या मिळून प्रार्थना करत, आणि सभा सुटली की कुणी डबा पोचवी, कुणी ओळखीच्या डॉक्टरला फोन करी. विषय उघड झाला की त्याला हात लागतात, असा आत्याचा अनुभव होता. सर्वांत जास्त विषय अर्थातच तिच्याकडे असत. ती मिशनची स्वयंसेविका म्हणून दोन वर्षांसाठी परदेशी निघाली तेव्हा दादा म्हणाला होता, ‘‘चला, आपल्या घरच्या बातम्या आता बंद. हवामानाचा अंदाज तेवढा मी देत जाईन.’’

आणि बातम्या खरोखरच बंद झाल्या. आत्या भाषा शिकून आली होती, चांगली पाच महिने. पण शिकवणीच्या पुस्तकातली माणसं सावकाश बोलत, स्टेशन कुठे आहे असं एकमेकांना विचारत आणि उत्तर मिळालं की गप्प बसत. इथली माणसं तशी नव्हती. ती जेवताना, जिना चढताना, तोंडात टूथब्रश असताना बोलत. पहिला आठवडाभर आत्या प्रत्येक गोष्टीला ‘‘हो’’ म्हणाली आणि हसली. त्या होकारापायी तिने एकदा न आवडणारी कॉफी तीन वेळा प्यायली आणि एकदा एका आजींची सबंध कपाटं दोनदा आवरून दिली. दिवस मावळेपर्यंत गाल दुखू लागत. बोलून दमणं तिला माहीत होतं, न बोलून माणूस इतकं दमतं हे नव्हतं.

मिशनचा तो वृद्धाश्रम दुमजली होता. अठरा म्हातारी माणसं, मोजकी कामाची माणसं, आणि सगळ्यांवर एक प्रमुख. त्या प्रमुखांना आत्या मनात थोरल्या बाई म्हणायची. ज्यांना हाक मारता येत नाही त्यांना निदान मनात नाव द्यावं, एवढाच तिचा विरंगुळा होता. तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत त्र्याऐंशी वर्षांचे एक निवृत्त शिक्षक राहत, ते मास्तर. आणि स्वयंपाकघरातली बाई, ती मुकादम.

थोरल्या बाईंनी कामाची वाटणी बोटं मोजत सांगितली होती. सकाळी स्वयंपाकघरात मदत, कारण भाजी चिरायला भाषा लागत नाही. दुपारी अंथरुणाला खिळलेल्या चौघांपाशी बसायचं, पाणी पाजायचं, उशा बदलायच्या. आणि भाषा सुधारली की त्यांना बायबलमधलं वचन वाचून दाखवायचं. आत्या आली होती ती खरं म्हणजे या शेवटच्या कामासाठी. अर्जातही तिने तेच लिहिलं होतं.

मुकादम साठीला टेकलेली, रुंद खांद्यांची, आणि चोवीस वर्षं त्याच ओट्यापाशी उभी राहिलेली. गॅसच्या चार चुलींपैकी एकीची खुंटी तुटलेली होती, ती पकडीने फिरवायची. भिंतीवर तक्ता होता: अळणी जेवणारे कोण, बिनसाखरेचे कोण, वाटून कुणाला द्यायचं. मुकादम त्या तक्त्याकडे कधी बघत नसे. तो तिला पाठ होता. पहिल्याच दिवशी तिने आत्याच्या हातात सुरी दिली, गाजराचा एक तुकडा स्वतः कापून दाखवला आणि म्हणाली, ‘‘एवढा. याहून मोठा केलास तर वरच्या मजल्यावर जेवढे दात पडतील ते सगळे माझ्या नावावर लागतील.’’ आत्याला त्यातलं ‘‘एवढा’’ तेवढं कळलं. ते पुरेसं होतं.

दुसऱ्या आठवड्यात आत्याच्या लक्षात एक गोष्ट आली. मुकादम कधी चव बघत नाही. तळहातावर थेंब घेऊन चाटल्याशिवाय पातेलं उतरवणारी बाई आत्याने आयुष्यात पाहिली नव्हती. ही सगळं मापाने घाली. मिठाचा चमचा भरला की सुरीच्या पाठीने सपाट करी, घड्याळ बघून झाकण काढी. आत्याला वाटलं, असेल इकडची पद्धत.

मग तो दुधाचा दिवस आला. सकाळी कॅन उघडला आणि आत्याने नाक मुरडलं. मुकादमने तोवर दूध मोठ्या पातेल्यात ओतलंही होतं, दुपारच्या पुडिंगसाठी. तिने आत्याचा चेहरा पाहिला. मग दुधाकडे पाहिलं. मग जाऊन दार लावून घेतलं.

‘‘आंबलंय?’’

‘‘हो. आंबट.’’

मुकादमने पातेलं उचललं आणि सगळं दूध सिंकमध्ये ओतून दिलं. नळ पूर्ण सोडून तिने पाठमोरीच सिंक धुऊन काढलं. मग वळून, एकेक शब्द सुटा करत, हातवारे करत तिने सांगितलं. गेल्या वर्षी ताप आला होता. आठ दिवस होता. ताप गेला तो जाताना नाक आणि जीभ बरोबर घेऊन गेला. कांदा आणि सफरचंद डोळे मिटून खाल्लं तर सारखंच. डॉक्टर म्हणाला, येईल कदाचित. वर्ष झालं.

‘‘कळलं?’’

‘‘कळलं.’’

‘‘कुणाला सांगायचं नाही.’’

‘‘नाही.’’

तेव्हा मुकादम पहिल्यांदा हसली. ‘‘तू कशी सांगणार म्हणा! तुला ‘हो’च्या पुढे काय येतं?’’

आत्याही हसली. त्या दिवसापासून रोज अकराच्या सुमाराला मुकादम तिच्यापुढे चमचा धरी आणि विचारी, ‘‘मीठ?’’ मीठ बरोबर असलं तर आत्या बोट वर करी, कमी पडलं तर खाली. बस. एवढंच बोलणं. पण या परक्या मुलखात आपल्याला कुणीतरी मनातलं सांगितलं, याने आत्याला इतकं भरून आलं की तिने मुकादमला ताई म्हणायला सुरुवात केली. मुकादमने अर्थ विचारला. मोठी बहीण, असं कळल्यावर म्हणाली, ‘‘एक धाकटी आहे मला. तिच्याशी माझं पटत नाही.’’ तरी हाकेला ओ देऊ लागली.

आता ताईसाठी काहीतरी करायला हवं होतं. आत्याला जे करता येत होतं ते एकच.

दर गुरुवारी चार वाजता, चहानंतर, खालच्या दालनात प्रार्थना असे. ज्याला विषय द्यायचा तो देई, नाहीतर गप्प राही. बहुतेक विषय साधे असत: अमक्याचा गुडघा, तमक्याचा नातू. आत्या सात गुरुवार मुकी बसली होती. आठव्या गुरुवारी आपण बोलायचं, असं तिने ठरवलं. आपलं पहिलं मोठं वाक्य या भाषेत निघेल ते देवाशी, आणि ते ताईसाठी, यात तिला फार गोड वाटत होतं. ‘‘कुणाला सांगायचं नाही’’ हे तिच्या लक्षात नव्हतं असं नाही. पण देव म्हणजे ‘‘कुणी’’ नव्हे, आणि प्रार्थना म्हणजे सांगणं नव्हे. हा विचारही तिने केला नाही खरं तर. प्रश्नच पडला नाही.

बुधवारी वही घेऊन ती मास्तरांकडे गेली. मास्तर रोज तिला दहा शब्द शिकवत, आणि दुसऱ्या दिवशी तिने विसरलेले सहा परत घेत. वहीतल्या ओळींत माणसाच्या जागी तिने मोकळी जागा सोडली होती.

‘‘कुणाचं बरं हे?’’ मास्तरांनी चष्मा वर करून विचारलं.

‘‘उद्या,’’ आत्या म्हणाली. ‘‘उद्या कळणार.’’

‘‘गूढ ठेवायला शिकलात म्हणजे भाषा येत चालली.’’ त्यांनी दोन क्रियापदं दुरुस्त केली, एक शब्द पुढे नेला आणि वही परत दिली.

गुरुवारी आत्या उभी राहिली तेव्हा दालनात एक खूश कुजबुज झाली. पिवळ्या शालीतल्या आजींनी तर शेजारणीला कोपराने ढोसलं. आत्याने डोळे मिटले. आवाज तिचा जुनाच निघाला, खिडकीवरचा, भिंतीला लागून परत येणारा. प्रभू, आमच्या स्वयंपाकघरातल्या ताईंना वर्षभर वास येत नाही आणि जिभेला चव कळत नाही. त्या कुणाला सांगत नाहीत. एकट्या सोसतात. तरी रोज आमच्यासाठी रांधतात. तू त्यांना बरं कर.

एकही चूक झाली नाही. क्रियापदं जिथल्या तिथे पडली.

‘‘आमेन’’ जरा उशिरा आलं आणि सगळ्यांकडून आलं नाही. आत्याने डोळे उघडले. मुकादम दारात उभी होती, रिकामे कप न्यायला आलेली, हातात ट्रे. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. ती आत आली, रांगेने फिरली, एकेका म्हाताऱ्याच्या हातातला कप घेतला, थोरल्या बाईंचा घेतला. आत्यापुढून ती तशीच पुढे गेली. आत्याचा कप आत्याच्या हातातच राहिला.

शुक्रवारी स्वयंपाकघराला कुलूप होतं. थोरल्या बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्यावर अठरा जणांची जबाबदारी होती. गॅसचा वास न येणाऱ्या माणसाच्या हाती चार चुली ठेवायच्या कशा? निर्णय होईपर्यंत घरी राहा, असं त्यांनी मुकादमला सांगितलं. दुपारी बाहेरून जेवणाची खोकी आली. झाकणावर वाफेचे थेंब, आत सगळं एकाच रंगाचं.

जेवणाच्या टेबलावर मात्र एकदम सगळ्यांना सगळं आठवायला लागलं.

‘‘मला तर कधीचं वाटत होतं,’’ पिवळ्या शालीतल्या आजी म्हणाल्या, ‘‘सूप अळणी लागतंय म्हणून.’’

‘‘तुमचं सूप अळणीच असायला हवं,’’ मास्तर म्हणाले. ‘‘त्या तक्त्यावर तुमचं नाव पहिलं आहे.’’

‘‘पण पुडिंग? पुडिंग जरा जळकं नव्हतं?’’

‘‘वर्षभर बशी चाटून पुसून परत करत होतात. तेव्हा जळकं नव्हतं.’’

मग मास्तर आत्याकडे वळले. तिला वाटलं आता बोलणी खावी लागणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘चूक माझीही आहे. व्याकरण तपासलं. माणूस कोण ते न विचारता वही परत दिली.’’

आत्याला जेवण गेलं नाही. खोलीत जाऊन तिने घरी फोन लावला. दादा बाहेर गेला होता, वहिनी होती. आत्याने सगळं सांगितलं, रडत रडत, आणि शेवटी म्हणाली, ‘‘अगं, मी चांगल्यासाठीच केलं ना? आपल्याकडे करतोच की आपण.’’

वहिनीने तिकडे खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला.

‘‘वन्सं, एक बोलू? रागावणार नाही ना?’’

‘‘बोल.’’

‘‘धाकटीच्या आधी माझं पोट पडलं, तेव्हा तुम्ही मंगळवारच्या सभेत विषय मांडला होता. मी इथे घरी पडून होते. पुढचे आठ दिवस बायका डबे घेऊन येत होत्या. सगळ्या चांगल्याच होत्या हो, माझ्या मायेनेच यायच्या. पण मला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं, आणि दर डब्याबरोबर एक तोंड यायचं.’’

‘‘मग तेव्हा बोलली का नाहीस गं?’’

‘‘तुम्ही इतक्या मनापासून केलं होतंत. काय बोलणार?’’

त्या गोष्टीला सतरा वर्षं झाली होती. ते डबे आत्याला चांगले आठवत होते. कुणी काय आणलं होतं तेसुद्धा. वहिनी त्या आठवड्यात कशी दिसत होती, ते काही केल्या आठवेना.

शनिवारी सकाळी ती मुकादमच्या घरी गेली. पत्ता मास्तरांनी लिहून दिला होता. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा दुसरा मजला, जिन्यात रबराचा आणि वंगणाचा वास. हा वास तिला येत नसेल, रोज या जिन्याने येताजाता, असं आत्याच्या मनात आलं आणि पायरी चुकली.

मुकादमने दार अर्धंच उघडलं. घरात ती अधिक बुटकी वाटत होती.

‘‘काय? परत प्रार्थना करायला आलीस?’’

‘‘नाही. माफी.’’

‘‘ती पण सगळ्यांपुढे मागशील. गुरुवारी, चार वाजता.’’

आत्याने मान खाली घातली. वाटेत बसमध्ये तिने अगदी हेच ठरवलं होतं. गुरुवारी उभं राहायचं आणि सर्वांसमक्ष पश्चात्ताप करायचा. मनात वाक्यंसुद्धा जुळवून झाली होती.

‘‘ताई...’’

‘‘ताई म्हणू नकोस.’’ मुकादमने दाराची कड घट्ट धरली होती. ‘‘तुझ्या देवाला बरोबर चार वाजताच ऐकू येतं का? मनातल्या मनात सांगितलं असतंस तर पोचलं नसतं?’’

‘‘आमच्याकडे मोठ्याने सांगतात. मग लोक... मदत. डबा आणतात.’’

‘‘माझा तर डबाच काढून घेतला.’’ मुकादमचा आवाज पहिल्यांदा हलला. ‘‘चोवीस वर्षं. त्यातलं एक वर्ष मी घाबरून काढलं, रोज. रोज सकाळी उठून आधी साबण हुंगून बघायची. पण चुकले नाही. माप चुकलं नाही, कुणाचं पथ्य चुकलं नाही. आता ऐकते, पिवळ्या शालवालीला सूप अळणी लागत होतं म्हणे.’’

‘‘ते मास्तरांनी...’’

‘‘माझं मी सांगितलं असतं. एखाद दिवशी सांगितलंच असतं, माझ्या तोंडाने. ते तू नेलंस.’’

यावर म्हणायला आत्याला या भाषेत ‘‘चुकले’’ एवढाच शब्द सुचला आणि तो तिने तीनदा म्हटला. मुकादम ऐकून घेत उभी राहिली. मग म्हणाली, ‘‘जा आता. जिन्यात खालची पायरी फुटकी आहे, सांभाळून उतर,’’ आणि दार लावलं.

सोमवारी सकाळी थोरल्या बाईंनी आत्याला ऑफिसात बोलावलं. टेबलावर मुकादमची जुनी फाइल होती. वरच्या कागदावर तिचा तरुणपणीचा फोटो, त्यात ती कॅमेऱ्यावरही हुकूम सोडत असल्यासारखी बघत होती.

‘‘तुम्ही दोन महिने रोज तिच्याबरोबर होता,’’ थोरल्या बाई सावकाश म्हणाल्या. ‘‘मला खरं सांगा. या काळात तिच्या हातून काही धोक्याचं झालं? काही नासलेलं, काही करपलेलं, गॅस उघडा राहिलेला?’’

आत्यापुढे ते दुधाचं पातेलं उभं राहिलं. खरं सांगायचं तर मुकादमची नोकरी गेली. नाही म्हणायचं तर या घरात, या कामासाठी येऊन, खोटं बोलायचं. आणि या दोन्हींच्या अलीकडे तिला आणखी एक गोष्ट दिसली, जी तिला चार दिवसांपूर्वी दिसली नसती. टेबलाच्या या बाजूला ती होती, त्या बाजूला थोरल्या बाई, आणि जिचं बोलणं चाललं होतं ती इथे नव्हतीच.

‘‘मी सांगणार नाही,’’ आत्या म्हणाली.

‘‘म्हणजे झालं आहे.’’

‘‘तसं नाही. हो पण नाही, नाही पण नाही. तिला बोलवा. तिला विचारा. ती सांगेल, मी इथे बसेन. ती नाही, तर मी नाही बोलणार.’’ शब्द वाकडेतिकडे पडत होते, एकही धड जागेवर नव्हता. ‘‘एकदा बोलले. आता नाही.’’

थोरल्या बाईंनी फोन उचलला.

मुकादमला यायला तासभर लागला. तिने ठेवणीतला कोट घातला होता आणि बटणं गळ्यापर्यंत लावली होती. आत्याकडे तिने बघितलंही नाही. थोरल्या बाईंनी तोच प्रश्न तिला केला आणि वर म्हणाल्या, ‘‘यांना विचारलं, तर या म्हणतात तुम्ही असल्याशिवाय बोलणार नाहीत.’’

मुकादमने मान वळवून आत्याकडे एकदा पाहिलं. आत्या गप्प बसली. गप्प बसायला तिला कधी इतकी ताकद लागली नव्हती.

‘‘एकदा दूध नासलं होतं,’’ मुकादम म्हणाली. ‘‘मला कळलं नाही. पातेल्यात ओतलं होतं मी. हिने नाक मुरडलं म्हणून वाचलो. सगळं सिंकमध्ये ओतून दिलं आणि त्या दिवशी पुडिंगऐवजी फळं दिली. त्यानंतर रोज मी हिच्या तोंडाने चव बघते. गॅसचं म्हणाल तर मी खुंट्या हाताने तपासते, निघताना दोनदा. पण वास येत नाही हे खरं. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, तेही खरं. तुम्ही काढून टाकाल म्हणून सांगितलं नाही.’’

‘‘मी काढून टाकलं असतं का, ते मलाही सांगता येत नाही,’’ थोरल्या बाई म्हणाल्या. त्यांनी फाइल मिटली. ‘‘गॅस गळला की वाजणारं यंत्र बसवून घेता येईल. पण यंत्राला दूध हुंगता येत नाही. सकाळी कॅन उघडल्यापासून दुपारची ताटं जाईपर्यंत दुसरं माणूस हवं. रोज.’’

‘‘मी आहे,’’ आत्या म्हणाली.

‘‘तुम्ही वाचनासाठी आला आहात. पुढच्या आठवड्यापासून मी तुम्हाला ते देणारच होते, सकाळचं. चौघांनाही सकाळीच जाग असते. दुपारी ते पेंगतात. स्वयंपाकघर घेतलंत तर वाचन राहिलं. दोन्ही होणार नाही.’’

आत्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त लागलं. घरच्या चर्चमध्ये तिला निरोप देताना पाळकसाहेबांनी त्याच कामासाठी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. दर रविवारी तिथे कुणीतरी दादाला विचारत असणार, आत्यांचं वाचन सुरू झालं का?

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली.

थोरल्या बाई मुकादमकडे वळल्या. ‘‘तुम्हाला चालेल का या?’’

‘‘ही नको.’’

‘‘दुसरं कुणी आहे का?’’

मुकादमने विचार केला. कपडे धुणाऱ्या बाईला तंबाखूची सवय होती. बागकाम बघणारा माणूस कच्चा बटाटाही चविष्ट आहे म्हणायचा. ‘‘नाही,’’ ती म्हणाली. आणि मग, कोटाचं वरचं बटण सोडत, ‘‘मग हीच. पण ओट्याच्या त्या बाजूला.’’

मंगळवारपासून स्वयंपाकघर उघडलं. भिंतीवर गॅसच्या यंत्राची तळहाताएवढी पांढरी डबी बसली, तिचा हिरवा दिवा दिवसभर लुकलुकत राही. आत्या सकाळी साडेसहाला दुधाचा कॅन उघडी, हुंगी, मान हलवी. ओट्याच्या त्या बाजूला उभी राहून कांदे, गाजरं, बटाटे चिरी. मुकादम फक्त कामापुरतं बोले. ‘‘मीठ?’’ वर. ‘‘मीठ?’’ खाली. ताई म्हणायचं आत्याने सोडलं होतं, आणि दुसरं काय म्हणावं ते न कळल्याने ती काहीच म्हणत नसे.

दादाने फोनवर वाचनाचं विचारलं, तेव्हा तिने सरळ सांगितलं की वाचन नाही, स्वयंपाकघरात आहे. ‘‘का गं?’’ दादाने विचारलं. ‘‘आहे काहीतरी,’’ आत्या म्हणाली. दादा इतका चकित झाला की हवामान सांगायचंच विसरला. वहिनीने फोन घेतला तेव्हा आत्याने तिला फक्त विचारलं, तू कशी आहेस. वहिनीने ‘‘बरी आहे’’ म्हटलं, आणि आत्या पुढचं काही न विचारता थांबून राहिली, तशी ती हळूहळू आणखी बोलू लागली.

गुरुवारी चार वाजता सगळे जमले. पिवळ्या शालीतल्या आजींनी, जरा पडलेल्या आवाजात, सूप पुन्हा सुरू झाल्याबद्दल देवाचे आभार मानले. मास्तर खोकले. आत्याची पाळी आली तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली आणि पाळी पुढे गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात एक दिवस भोपळ्याचं सूप होतं. मुकादमने पातेल्यात चमचा बुडवला, ओट्यावरून हात लांब करून आत्यापुढे धरला. आत्याने चाखलं आणि बोट वर केलं. मीठ बरोबर होतं. पण चमचा मागे गेला नाही.

‘‘कसं लागतं?’’ मुकादमने विचारलं.

‘‘चांगलं.’’

‘‘चांगलं नको. तसं सगळेच म्हणतात. कसं लागतं ते सांग.’’

आत्याने आणखी एक घोट घेतला. ‘‘गोड,’’ ती म्हणाली. ‘‘थोडं गोड. मग... मागून...’’ मास्तरांच्या दहा-दहा शब्दांत पुढचा शब्द नव्हता. तिने हात हवेत फिरवला. मुकादम वाट बघत होती. तिचे डोळे आत्याच्या तोंडावर होते, जणू ती तोंडातच उतरून पाहणार होती. आत्याने इकडची भाषा सोडून दिली.

‘‘आधी गोडसर लागतं,’’ ती मराठीत म्हणाली, ‘‘पण भोपळ्याचं गोड, साखरेचं नाही, जरा मातकट. मग मागून मिरी येते, जिभेच्या कडेला, चावत नाही, नुसती टोचते. कांदा दिसत नाही पण आहे, त्याने सगळं धरून ठेवलंय. आणि तळाला किंचित लागलंय बघा. करपलेलं नाही. खरपूस. वाईट नाही लागत, उलट घशाखाली गेल्यावर तेच राहतं.’’

यातलं एक अक्षर मुकादमला कळलं नसणार. तिने मध्ये तोडलं मात्र नाही. आत्याचा हात तळाच्या दिशेने गेला तसं तिने वाकून आच कमी केली, उलथन्याने तळ खरवडून घेतला, आणि चमचा पुन्हा भरून ओट्यावरून पुढे धरला.

‘‘अजून,’’ ती म्हणाली. ‘‘हळू सांग.’’